फुटलेला सरकारी कागद खरा की खोटा? माहिती अधिकाराने कसं तपासायचं

संशोधनाला सुरुवात केली की वर्षभरात एक गोष्ट नक्की घडते. कुणीतरी तुम्हाला एक पीडीएफ पाठवतं. कुठल्यातरी खात्याचं पत्र, समितीचा अहवाल, आयुक्तांची टिपणी. वर ‘गोपनीय’ असा शिक्का, खाली कुणाची तरी सही, आणि सोबत निरोप: ‘हे बाहेर आलंय, तुझ्या विषयाचं आहे.’ दोन दिवसांनी त्याच कागदावर वाद सुरू होतो. एक गट म्हणतो खरा आहे, दुसरा म्हणतो बनावट. खातं म्हणतं, ‘आम्ही यावर बोलणार नाही.’

अशा वेळी तुमच्यापुढे दोन सोपे रस्ते असतात. कागद खरा धरून प्रबंधात वापरायचा, किंवा घाबरून बाजूला ठेवायचा. दोन्ही चुकीचे. तिसरा रस्ता दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पचा आहे, आणि आजचा लेख त्याबद्दल आहे. मी ठाणे जिल्ह्यातल्या महापालिकांच्या कागदपत्रांवर पीएचडी करतेय, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इकडचीच असतील.

आधी प्रश्न नीट वेगळे करा

‘कागद खरा आहे का?’ या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न लपलेले असतात.

पहिला: हा कागद त्या कार्यालयातून निघाला का?
दुसरा: निघाला असेल, तर तो अंतिम आहे की मसुदा?
तिसरा: आपल्या हातात आहे तो पूर्ण आहे का, की मधली चार पानं गाळली आहेत?

वाद घालणारे लोक हे तिन्ही एकत्र करतात. दुसऱ्या प्रश्नाचं उदाहरण बघा. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालयाचा रोजगाराचा अहवाल फुटला. २०१७-१८ मध्ये बेरोजगारीचा दर ६.१ टक्के, असं त्यात होतं. अहवाल अडवून ठेवल्याच्या नाराजीतून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. सरकारच्या बाजूने उत्तर आलं की आकडे अजून अंतिम नाहीत. म्हणजे ‘कागद आमचा नाही’ असं कुणी म्हटलंच नाही, वाद फक्त ‘अंतिम की मसुदा’ एवढाच होता. ३१ मे २०१९ ला अहवाल अधिकृतपणे जाहीर झाला आणि आकडा तोच निघाला, ६.१.

म्हणून कुणी फुटलेला कागद नाकारला, तर आधी बघा की नक्की काय नाकारलंय. ‘हा कागद बनावट आहे’, ‘हा मसुदा आहे’ आणि ‘हा चोरीला गेलेला आहे’ ही तीन वेगळी विधानं आहेत. राफेल प्रकरणात ‘द हिंदू’ने कागद छापले तेव्हा सरकारने सर्वोच्च न्यायालयात तिसरं विधान केलं. कागद चोरीचे आहेत, म्हणून ते पाहू नका, असा आक्षेप होता. १० एप्रिल २०१९ ला न्यायालयाने तो फेटाळला. पुढे १४ नोव्हेंबरला पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या, तो भाग वेगळा. आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की ‘चोरीला गेला’ म्हणणारा माणूस ‘कागद आमचा होता’ हे आपोआप कबूल करतो.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कागद त्या कार्यालयातून निघाला का? याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आपल्याच भागात आहे. ते कागद फुटलेले नव्हते, उलट उघड्यावर होते. पण पडताळणीचा पेच अगदी तोच, म्हणून ते सविस्तर सांगते.

२०१७ पासून महाराष्ट्रात नव्या गृहप्रकल्पाची महारेराकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी बिल्डर महापालिकेची बांधकाम परवानगी, म्हणजे लोक ज्याला ‘सीसी’ म्हणतात ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, संकेतस्थळावर चढवतो. घर घेणारा माणूस महारेराचा क्रमांक बघतो, परवानगीची पीडीएफ बघतो आणि निश्चिंत होतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींच्या बाबतीत ही पीडीएफ बनावट होती. शिक्का, सही, क्रमांक, सगळं जागच्या जागी. फक्त महापालिकेने ती परवानगी कधी दिलेलीच नव्हती.

हे कळलं कसं? वास्तुविशारद संदीप पाटील यांनी माहिती अधिकारातून महापालिकेच्या दप्तरातली माहिती मागवली. एका बाजूला संकेतस्थळावरची परवानगी, दुसऱ्या बाजूला ज्या कार्यालयाने ती दिली असं म्हटलं जातं त्याचं स्वतःचं दप्तर. दोन्ही जुळेनात. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २०२२ मध्ये पोलिसांत गुन्हे दाखल झाले, ठाणे पोलिसांचं विशेष तपास पथक नेमलं गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले.

तोवर त्या इमारतींमध्ये लोक राहायला आले होते. कर्ज काढून, दागिने मोडून घर घेतलेली कुटुंबं. आदेशानंतर ती रस्त्यावर उतरली, न्यायालयाच्या पायऱ्या चढली. त्यांनी कागद बघितले नव्हते असं नाही. बघितले होते. पण बघितली ती प्रत, आणि ती प्रत ज्या फाइलमधून आली असं म्हणतात ती फाइल कुणी बघितली नव्हती. महारेराने नोंदणीआधी प्रमाणपत्र थेट स्थानिक प्राधिकरणाकडून पडताळून घ्यायची पद्धत नंतर आणली.

संशोधकासाठी धडा सरळ आहे. एक पान बनवणं सोपं असतं. त्या पानाच्या मागची साखळी बनवणं फार अवघड असतं.

साखळी म्हणजे काय?

सरकारी कागद कधीच एकटा जन्माला येत नाही. त्याच्याआधी एक अर्ज किंवा पत्र आवक नोंदवहीत चढतं. त्यावर लिपिक टिपणी लिहितो, ती वर जाते, प्रत्येक टेबलावर शेरा आणि तारीख पडते. मंजुरी मिळाली की पत्राला जावक क्रमांक मिळतो, आणि ते ज्याच्याकडे जातं तिथे पुन्हा आवक नोंद होते. पैसे भरले असतील तर पावती असते. प्रत खाली ज्यांना ‘माहितीसाठी’ पाठवली त्यांच्याकडेही एकेक नोंद असते.

म्हणजे एका पत्रामागे पाचसहा नोंदी, त्याही वेगवेगळ्या वह्यांत आणि अनेकदा वेगवेगळ्या कार्यालयांत. फुटलेला कागद खरा असेल तर त्या सापडायला हव्यात. बनावट असेल तर साखळी कुठेतरी तुटते: त्या जावक क्रमांकावर दुसरंच पत्र असतं, किंवा त्या तारखेला क्रमांक तिथवर पोचलेलेच नसतात.

अर्ज करण्याआधी घरबसल्या दोन गोष्टी तपासा.

एक, शासन निर्णय असेल तर त्याच्या शेवटी संकेतांक असतो. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा. संकेतांकाचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना, दिवस दाखवतात. ते आणि जीआरवरची तारीख एकमेकांशी ताडून बघा.

दोन, त्या तारखेला त्या कार्यालयाला तो अधिकार होता का? आपल्या भागात हा प्रश्न फार उपयोगी पडतो. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ची. त्यातली २७ गावं २००२ मध्ये बाहेर पडली आणि जून २०१५ मध्ये पुन्हा आत आली. मधल्या काळातल्या तारखेची, त्या गावातल्या जमिनीवरची ‘महापालिकेची’ परवानगी समोर आली तर भुवया उंचावल्याच पाहिजेत. तसंच १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरचं, वसई किंवा डहाणू तालुक्याबद्दलचं पत्र ठाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने फिरत असेल, तर का, हे विचारायलाच हवं. आणि जुनी फाइल आता कुठल्या कार्यालयात आहे, हेही यावरूनच ठरतं.

अर्ज कसा लिहायचा

बहुतेक विद्यार्थी पहिल्या अर्जात असं लिहितात: ‘सोबत जोडलेले पत्र खरे आहे काय, याबाबत खुलासा करावा.’

याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘प्रश्नार्थक माहिती देणे बंधनकारक नाही.’ आणि त्यात तथ्य आहे. माहितीचा अधिकार २००५ च्या कायद्यात आहे तो कार्यालयाकडे असलेल्या अभिलेखाचा. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय: जे दप्तरात आहे ते द्यायचं, नवं मत किंवा स्पष्टीकरण तयार करून द्यायचं नाही. म्हणून मत मागू नका, अभिलेख मागा. साधारण असं:

‘आपल्या नगररचना विभागाच्या जावक नोंदवहीतील दि. १ ते १५ मार्च २०२१ या कालावधीतील सर्व पानांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच त्या कालावधीत अमुक सर्वे क्रमांकाबाबत पाठवलेल्या पत्रांच्या नस्तीतील टिपणी भागाची प्रत मिळावी व सदर नस्तीचे निरीक्षण करू द्यावे.’

यात चार गोष्टी मुद्दाम केल्या आहेत.

पहिली, एकच पत्र न मागता पंधरा दिवसांची नोंदवही मागितली. आजूबाजूचे क्रमांक दिसले की मधला क्रमांक घुसवलेला आहे का ते कळतं.

दुसरी, फुटलेली प्रत जोडलेली नाही, तिचा उल्लेखही नाही. प्रतीच्या कोपऱ्यातली खूण, झेरॉक्सवरची रेघ, हाताने लिहिलेला एखादा शेरा यांवरून ती कुणाच्या टेबलावरून निघाली ते ओळखता येतं. ज्याने तुमच्यावर विश्वास ठेवून कागद दिला, त्याची नोकरी तुमच्या अर्जाने जाऊ नये. अर्ज कशासाठी करताय हे सांगायची कायद्याने गरज नाही, कलम ६(२) तेच म्हणतं.

तिसरी, निरीक्षण मागितलं. प्रत्यक्ष फाइल बघताना कागदाचा रंग, पानांचे क्रमांक, मध्येच बदललेलं हस्ताक्षर, असं बरंच दिसतं जे झेरॉक्सवर दिसत नाही.

चौथी, अर्ज आटोपशीर ठेवला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दोन विषय असतील तर दोन अर्ज. फी दहा रुपये, प्रतींचे पानामागे दोन रुपये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकाच कार्यालयाला विचारून थांबू नका. पत्राला पाठवणारा असतो तसा घेणाराही असतो. महापालिकेने जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं असा दावा असेल, तर महापालिकेकडून जावक नोंद मागा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आवक नोंद. दोन कार्यालयं एकमेकांना न विचारता तीच तारीख सांगत असतील, तर तुमच्या हातात भक्कम पुरावा आहे.

उत्तर कसं वाचायचं

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ते साधारण चार प्रकारचं असतं.

*साक्षांकित प्रत आली.* फुटलेल्या प्रतीशी ओळीने ओळ ताडून बघा. फरक असेल तर तोच तुमचा शोध. पण लक्षात ठेवा, साक्षांकित प्रत एवढंच सांगते की ही दप्तरातल्या कागदासारखी आहे. त्या कागदात लिहिलेलं खरं आहे, असं ती सांगत नाही.

*‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं आलं.* इथे बरेच जण ‘म्हणजे कागद बनावट’ असं जाहीर करून टाकतात. थांबा. या वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात: असा कागद कधी तयारच झाला नाही, झाला होता पण मुदत संपल्यावर नष्ट केला, किंवा झाला होता पण सापडत नाही. पुढचा अर्ज हे वेगळं करण्यासाठी. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम जपायचा, ‘ड’ लवकर नष्ट करायचा. फाइल कुठल्या वर्गात होती आणि नष्ट केली असेल तर त्याची नोंद कुठे आहे, ते मागा. ‘गहाळ’ असं उत्तर असेल तर काय कारवाई केली ते विचारा. फाइल हरवणं हा माहिती नाकारण्यासाठी कलम ८ मध्ये दिलेला अपवाद नाही, आणि राज्याचा सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदाही आहे. कल्याण-डोंबिवलीत ‘नाही’ या उत्तराला वजन आलं, कारण ते ‘सापडत नाही’ असं नव्हतं. ‘आम्ही परवानगी दिलेली नाही’ असं होतं.

*नकार आला.* कुठलं कलम लावलंय ते बघा. अपवाद लावायचा तर आधी कागद असावा लागतो, म्हणून असा नकार बहुधा कागद असल्याचीच खूण असते. मात्र तेवढ्यावरून तुमच्या प्रतीतला मजकूर खरा ठरत नाही. ‘चौकशी चालू आहे’ एवढंच कारण पुरत नाही. माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलंय. फाइलचा काही भागच गोपनीय असेल तर कलम १० खाली उरलेला भाग मागा. जनहित मोठं असेल तर कलम ८(२), आणि गोपनीयतेचा जुना कायदा आड आला तर कलम २२. व्यक्तिगत माहितीचा अपवाद मात्र २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अधिक रुंद केलाय, त्यामुळे नावं असलेल्या कागदांसाठी जास्त तयारी ठेवा.

*काहीच आलं नाही.* तीस दिवस गेले की तो नकारच समजायचा. पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे.

अपिलातून काय निघू शकतं, याचं एक उदाहरण. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये केंद्राकडे गेला आणि तिथेच राहिला. माहिती अधिकारातला अर्ज नाकारला गेला, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेलं, तिथून दिल्ली उच्च न्यायालयात. सरकार हरलं आणि मे २०१२ मध्ये अहवाल संकेतस्थळावर आला. त्यानंतर वाद अहवालात काय आहे यावर न राहता, ते पटतं की नाही यावर सुरू झाला. वादाची जागा बदलणं, हेच खरं तर या सगळ्या खटाटोपाचं फळ.

वेळ, आणि काळजी

दुसरं अपील करायची वेळ आली तर पीएचडीचं एक वर्ष सहज जातं. म्हणून अर्ज पहिल्या वर्षीच टाका, आणि प्रबंधाचा अख्खा डोलारा एका न मिळालेल्या कागदावर उभा करू नका.

दरम्यान ज्याला अर्ज लागत नाही असाही एक मार्ग आहे. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ओळखपत्र घेऊन जा, नम्रपणे विचारा. या निर्णयाची प्रत सोबत ठेवलेली बरी, कारण टेबलावरच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.

आणि सुरक्षितता. जमिनीचे कागद मागणाऱ्या माणसांनी या राज्यात किंमत मोजली आहे. तळेगावचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. जमीन आणि बांधकाम हा तुमचा विषय असेल तर घरचा पत्ता देण्याऐवजी मार्गदर्शकांच्या संमतीने विभागाचा पत्ता किंवा पोस्ट बॉक्स वापरा. एकट्याने धाडस करण्यापेक्षा गाईडला, सहकाऱ्यांना माहीत असू द्या.

प्रबंधात लिहायचं कसं

शेवटी कागद तीन रकान्यांपैकी कुठे बसतो ते ठरवा आणि वाचकाला तसं स्पष्ट सांगा.

‘पुष्टी झालेला’: साक्षांकित प्रत मिळाली आणि ती जुळली. मग उद्धृत करायची ती साक्षांकित प्रत, फुटलेली नाही.
‘अंशतः पुष्टी झालेला’: नोंदवहीत क्रमांक आणि विषय सापडला, मजकूर मिळाला नाही. मग असं पत्र गेलं एवढंच लिहा, त्यात काय होतं ते ठामपणे लिहू नका.
‘पुष्टी न झालेला’: अर्जाची तारीख आणि मिळालेलं उत्तर द्या, आणि तुमचा निष्कर्ष या कागदाशिवाय उभा राहतो का ते तपासा. राहत नसेल तर निष्कर्ष बदला.

सराव म्हणून या आठवड्यात एक काम करा. तुमच्या स्वतःच्या इमारतीची बांधकाम परवानगी काढा, तिच्यावरचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्या, आणि ती ज्या नोंदवहीत असायला हवी ती नोंदवही सोमवारी जाऊन बघा. नोंद सापडली तर साखळी म्हणजे काय ते कायमचं डोक्यात बसेल. नाही सापडली, तर तो कागद आधी घरच्यांना दाखवा, मग गाईडला.